म्हातारा कुत्रा, त्याचे शेवटचे दिवस आणि घरातली माणसे

या स्तंभात आजवर मधुमेह, रक्तदाब, संधिवात, मुलांचे जंत, पावसाळ्यातले ताप अशा विषयांवर लिहिणे झाले. आज कुत्र्यावर लिहितो आहे म्हटल्यावर काही वाचकांच्या भुवया उंचावतील. माणसांच्या डॉक्टरने कुत्र्याच्या मरणावर कशाला लिहायचे, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. पण घाटकोपरच्या माझ्या दवाखान्यात वर्षातून दोन-चार वेळा तरी असा रुग्ण येतो, ज्याची साखर अचानक वाढलेली असते, झोप उडालेली असते, छातीत जड वाटत असते, आणि कार्डिओग्राम मात्र स्वच्छ असतो. काय झाले म्हणून विचारले, तर आधी "काही नाही" असे उत्तर मिळते. मग बरोबर आलेली बायको किंवा सून हळूच सांगते, "डॉक्टर, आमचा कुत्रा गेला मागच्या महिन्यात." सांगताना तिलाही संकोच वाटत असतो. कुत्र्यासाठी माणूस आजारी पडतो हे कबूल करायला आपल्याकडे लाज वाटते.

दुसरे कारण असे की, म्हातारा गावठी कुत्रा ही आपल्या शहरांत तशी नवी गोष्ट आहे. पूर्वी रस्त्यावरचा कुत्रा म्हातारा होईपर्यंत जगतच नसे. पिलू असतानाच डिस्टेंपर किंवा पार्व्होच्या जुलाबांनी तो जाई, नाहीतर गाडीखाली येई, नाहीतर पालिकेच्या गाडीत सापडे. मुंबईत पकडलेली कुत्री विजेचा धक्का देऊन मारण्याची पद्धत कित्येक वर्षे चालू होती. १९९४ मध्ये महापालिकेने हे सामूहिक मारणे थांबवून नसबंदीचा मार्ग धरला. लसी आल्या, उपनगरात गल्लोगल्ली पशुवैद्य झाले, आणि रस्त्यावरून उचलून आणलेली पिले घराघरांत बारा-बारा, चौदा-चौदा वर्षे जगू लागली. त्यामुळे होते काय, की बाळंतिणीचे कसे करावे, तापात काय द्यावे, हे सांगायला घरात आजी असते, पण तिसऱ्या मजल्यावरच्या चौदा वर्षांच्या कुत्र्याचे शेवटचे दिवस कसे काढावेत हे सांगणारे कोणी नसते.

पंतनगरच्या एका कुटुंबाची हकीकत सांगतो. घरातल्या काकांनी ती लिहायला परवानगी दिली आहे, नाव मात्र देत नाही. काका बेस्टमध्ये नोकरीला होते. २६ जुलै २००५ च्या पावसात, म्हणजे ज्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला त्या रात्री, ते कमरेएवढ्या पाण्यातून चालत घरी येत होते. कुर्ल्याला एका बंद दुकानाच्या वरच्या पायरीवर महिन्याभराचे एक पिलू थरथरत बसलेले त्यांना दिसले. काकांनी ते शर्टात घातले आणि पहाटे घरी पोचले. काकूंनी पहिल्या दिवशी "हे घरात नको" म्हणून सांगितले, आणि दुसऱ्या दिवशी त्याचे नाव मोती ठेवले.

काका माळकरी. घरात अंडेसुद्धा येत नाही. मोती वरण-भात, दूध-पोळी यावर वाढला, पुढे पशुवैद्यांनी सांगितल्यावर त्याला कुत्र्यांचे तयार खाणे सुरू झाले. काका निवृत्त झाले त्याच सुमारास त्यांना मधुमेह निघाला. मी गोळ्या लिहून दिल्या आणि रोज चालायला सांगितले. गोळ्या माझ्या होत्या, पण साखर ताब्यात ठेवली ती मोतीने. पहाटे साडेपाचला आणि संध्याकाळी सातला तो दारापाशी उभा राही. पाऊस असो, पाहुणे असोत, काकांना बाहेर पडावेच लागे. चालण्याचे माझे उपदेश बहुतेक रुग्ण पंधरा दिवसांत विसरतात, कुत्रा मात्र विसरू देत नाही. कुत्रा पाळणे आणि हृदयविकाराचा धोका कमी असणे यांचा संबंध बहुधा असावा, असे निवेदन अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१३ साली काढले होते. मला ते वाचून नवल वाटले नाही.

वय म्हणजे आजार नव्हे

तेराव्या वर्षी मोती जिन्यात थांबू लागला. इमारत तीन मजल्यांची, लिफ्ट नाही. घरच्यांनी "आता वय झालं" म्हणून सोडून दिले. इथेच बहुतेक घरांची गल्लत होते. म्हातारपणाच्या नावावर कुत्र्याचे बरे होणारे पुष्कळ आजार अंगावर काढले जातात.

कुत्रा उठताना वेळ लावतो, फरशीवर त्याचे मागचे पाय घसरतात, जिना टाळतो, याचा अर्थ बहुतेक वेळा सांध्यांची झीज. तिच्यावर औषध आहे, आणि औषधाइतकाच उपयोग फरशीवर अंथरलेल्या गोणपाटाचा किंवा रबरी पट्टीचा होतो. नखे वेळच्या वेळी कापली तरी पाय घसरणे कमी होते. डोळ्यात निळसर झाक आली की लोक मोतीबिंदू म्हणतात. पुष्कळदा ते भिंगाचे वयोमानाने घट्ट होणे असते, त्यात दिसणे फारसे जात नाही. रात्री खोकला येतो, तो हृदयाच्या झडपेचा विकार असू शकतो. नसबंदी न केलेली म्हातारी कुत्री एकाएकी खूप पाणी पिऊ लागली, सुस्तावली, अंगावरून स्राव जाऊ लागला, तर गर्भाशयात पू झाला असण्याची शक्यता असते, आणि तेव्हा शस्त्रक्रियेला एक दिवसाचाही उशीर चालत नाही. रस्त्यावरच्या कुत्र्यांत जननेंद्रियावर होणारी एक रक्ताळलेली गाठ संगातून पसरते, ती पाहून लोक हाय खातात. ती बहुतेक वेळा व्हिन्क्रिस्टिनच्या काही इंजेक्शनांनी पूर्ण जाते. गोचिडीचा ताप तर आपल्याकडे इतका आहे की, आठ दिवसांत खंगलेला कुत्रा दिसला तर आधी रक्त तपासावे. तो योग्य औषधांनी पुन्हा उठून उभा राहिलेला मी शेजारीपाजारी अनेकदा पाहिला आहे.

म्हणून पहिली गोष्ट, शेवटाचा विचार करण्याआधी तपासणी. तालुक्याच्या गावी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो, जिल्ह्याला पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय असते. तिथे गायी-म्हशींची गर्दी असते म्हणून कुत्र्याला न्यायला संकोचू नये.

मोतीची तपासणी झाली तेव्हा क्रिएटिनिन सहाच्या घरात होते. मूत्रपिंडाची गोष्ट अशी की, कुत्र्यात साधारण तीनचतुर्थांश काम बंद पडेपर्यंत रक्तातले क्रिएटिनिन फारसे वाढत नाही. पाणी जास्त पिणे, लघवी जास्त होणे, वजन उतरणे ही लक्षणे त्याआधी दिसतात, पण उन्हाळा आहे म्हणून पाणी पितो असे आपण समजतो. आमच्या भागातल्या पशुवैद्य बाईंनी आहार बदलला, उलटीचे औषध दिले, आणि कातडीखाली सलाइन कसे द्यायचे ते काकांच्या सुनेला शिकवले. त्यावर मोतीने सात महिने बरे काढले.

इथे एक गोष्ट ठळक करून सांगतो, कारण ती माझ्या खात्यातली आहे. आपल्या घरातल्या दुखण्याच्या गोळ्या कुत्र्याला देऊ नका. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांनी कुत्र्याच्या जठरात व्रण पडतात आणि मूत्रपिंड जाते. पॅरासिटामॉल त्याच्या यकृताला जड पडते, मांजराला तर एक गोळीही जीवघेणी ठरते. डायक्लोफिनॅक दिलेल्या गुरांचे मांस खाऊन देशातली गिधाडे जवळजवळ संपली, म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठी ते औषध बंद करण्यात आले, हे पुष्कळांना ठाऊक असेल. माणसाला सोसते ते औषध इतर प्राण्यांना सोसतेच असे नाही. कुत्र्यासाठी वेदनाशामके आहेत, ती पशुवैद्यांकडूनच घ्यावीत, आणि मागायला लाजू नये. कुत्रा दुखणे लपवतो. तो कण्हत नाही म्हणजे त्याला दुखत नाही असे नव्हे. बसल्या जागी धापा टाकणे, रात्रभर जागा बदलत राहणे, एकच जागा चाटत राहणे, कपाटामागे किंवा पलंगाखाली जाऊन बसणे, हात लावल्यावर कधी नव्हे ते दात दाखवणे, ही त्याच्या दुखण्याची भाषा आहे.

कॅलेंडरवरच्या खुणा

२०१९ च्या जानेवारीत मोतीचे खाणे सुटले. सलाइनने एक दिवस बरा, दोन दिवस वाईट असे होऊ लागले. त्याला परळच्या प्राण्यांच्या रुग्णालयात दाखवून आणावे असे ठरले. परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय हे उपनगरातल्या लोकांचे जुने आशास्थान. प्राण्यांवरील क्रौर्याला आळा घालण्यासाठी १८७४ साली मुंबईत स्थापन झालेल्या संस्थेचे ते रुग्णालय, आणि १८८६ पासूनचे पशुवैद्यकीय महाविद्यालयही त्याच आवारात. पण घाटकोपरहून तिथे आजारी कुत्रा नेणे म्हणजे काय, हे नेणाऱ्यालाच कळते. लोकलच्या गर्दीत नेता येत नाही. रिक्षा शीवच्या पुढे शहरात जात नाही, तिथे उतरून टॅक्सी करावी लागते. तीन रिक्षावाल्यांनी नाही म्हटले. चौथ्याने चादर अंथरायला सांगून बसवले, आणि शीवला पोचल्यावर स्वतः उतरून टॅक्सी थांबवून दिली. तपासणीअंती तिथेही तेच सांगण्यात आले, मूत्रपिंडे आता साथ देणार नाहीत.

त्या संध्याकाळी काका माझ्याकडे आले. स्वतःच्या गोळ्या संपल्या होत्या, पण बोलायचे दुसरेच होते. पशुवैद्य बाईंनी इंजेक्शनचा विषय काढला होता. "डॉक्टर, गळ्यात माळ आहे," ते म्हणाले. "मुंगीसुद्धा बाजूला करून पाऊल टाकतो. याला मारा म्हणून मी कुठल्या तोंडानं सांगू?"

यावर मी त्यांना काही पटवले नाही. पटवण्याचा अधिकार मला नव्हता. मात्र पशुवैद्य बाईंनी एक फार शहाणपणाची गोष्ट केली. त्यांनी काकांना निर्णय मागितलाच नाही, रोजची नोंद मागितली. अमेरिकेतल्या पशुवैद्य डॉ. ॲलिस व्हिलालोबोस यांनी आजारी प्राण्याचे जगणे कितपत सुसह्य आहे हे ठरवण्यासाठी एक मोजपट्टी तयार केली आहे. वेदना, भूक, शरीरातले पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टींना शून्य ते दहा गुण द्यायचे. बेरीज पस्तिसाच्या वर असेल तर सेवा चालू ठेवावी असा त्यातला ढोबळ संकेत. बाईंनी काकांसाठी ते आणखी सोपे केले. मोतीने आज आपणहून काही खाल्ले का, पाणी पोटात राहिले का, लघवीला स्वतः उठला का, आणि तुम्हाला पाहून शेपटी हलवली का. चारांपैकी तीन गोष्टी झाल्या तर रात्री कालनिर्णयवर त्या तारखेला बरोबरची खूण, नाहीतर फुली.

माझ्या मते यात फार मोठे शहाणपण आहे. घरातली माणसे रोज पाहतात म्हणून त्यांना उतरण दिसत नाही. काल एक बिस्किट खाल्ले, याच आनंदावर आठ दिवस निघतात. शिवाय "अजून किती दिवस जगेल" हा प्रश्न माणसाच्या मनातला असतो. कुत्र्यापुढे फक्त आजचा दिवस असतो, आणि तो कसा गेला एवढेच आपल्याला त्याच्यासाठी पाहता येते.

पहिल्या आठवड्यात पाच खुणा बरोबरच्या होत्या. दुसऱ्यात दोन. त्यानंतर ओळीने अकरा फुल्या. मोतीला टॉवेलची झोळी पोटाखाली घालून उभे करावे लागे. कुशीवर व्रण पडू नयेत म्हणून काकू आणि सून दर तीन-चार तासांनी त्याची कूस बदलत. तोंडाला लघवीसारखा वास येऊ लागला होता. अकराव्या फुलीच्या दिवशी काका कॅलेंडर भिंतीवरून काढून बाईंच्या दवाखान्यात गेले, टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "परवा एकादशी आहे. उद्या याल का?"

बाई सकाळी घरी आल्या. आधी गुंगीचे इंजेक्शन दिले. पंधरा मिनिटांत मोती गाढ झोपला. मग पायाच्या शिरेतून भुलीच्या औषधाची मोठी मात्रा. शस्त्रक्रियेच्या वेळी देतात त्याच जातीचे हे औषध असते, फक्त प्रमाण खूप जास्त. काही सेकंदांत शुद्ध पूर्ण हरपते, मग श्वास थांबतो, आणि थोड्या मिनिटांत हृदय. त्याआधी काकांनी तुळशीचे पान भिजवून त्याच्या ओठांना लावले. बाई थांबल्या होत्या.

ज्यांच्यावर ही वेळ येणार आहे त्यांना काही गोष्टी आधी ठाऊक असाव्यात. डोळे उघडे राहतात, ते मिटत नाहीत. गेल्यानंतरही एक-दोन खोल श्वासांसारखी हालचाल होते, स्नायू फुरफुरतात, लघवी सुटते. यातले काहीही वेदनेचे लक्षण नव्हे. पण आधी कोणी सांगितलेले नसले तर घरच्यांच्या मनात ते दृश्य वर्षानुवर्षे सलत राहते. हे काम पशुवैद्यानेच करायचे असते. हृदयात स्ट्रिक्निनचे इंजेक्शन देऊन किंवा अशा कोणत्याही क्रूर रीतीने प्राणी मारणे हा १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे.

आणि ज्यांना इंजेक्शन नकोच असेल त्यांनी काय करावे? बोरिवलीच्या माझ्या एका रुग्ण बाईंनी तोच मार्ग घेतला. त्यांच्या कुत्रीला यकृताची गाठ होती. त्यांनी वेदनाशामके, उलटीचे औषध, ओल्या फडक्याने पुसणे, उशाशी पाणी असे नऊ दिवस केले आणि ती रात्री झोपेत गेली. तेही योग्यच झाले, कारण त्यांनी दुखणे उघडे सोडले नव्हते. श्रद्धेसाठी इंजेक्शन टाळणे मला समजते. इंजेक्शनही नाही आणि वेदनेचे औषधही नाही, हे मात्र मला समजत नाही.

तिसरा एक प्रकार आहे, तो लिहिताना हात आखडतो. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला, आरेच्या रस्त्यावर, मुलुंडच्या डोंगराखाली गळ्यात पट्टा असलेली म्हातारी, आंधळी कुत्री सोडून दिलेली सापडतात. या भागातल्या बिबट्यांच्या आहारात कुत्र्यांचा वाटा मोठा आहे. ज्यांनी बारा वर्षे घर राखले त्यांना असे सोडणाऱ्यांना वाटते की आपण त्याला मारले तर नाही! उपासमार, तहान होईल अशा स्थितीत प्राणी टाकून देणे हाही त्याच १९६० च्या कायद्याखाली गुन्हा आहे.

नंतरची व्यवस्था

मोतीला काकांनी परळला नेले. आता उपनगरातल्या लोकांना जवळची सोय झाली आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये महापालिकेने मालाड पश्चिमेला, एव्हरशाईन नगरच्या कोंडवाड्यात, पाइपच्या गॅसवर चालणारी लहान प्राण्यांची दहनभट्टी सुरू केली, आणि ती सेवा विनामूल्य ठेवली. जाण्यापूर्वी दूरध्वनी करून वेळ आणि लागणारी कागदपत्रे विचारावीत. पशुवैद्यांचा दाखला बरोबर असावा. आजारपणातल्या उपचारांसाठी महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचे लहान प्राण्यांचे मोठे रुग्णालय २०२४ पासून सुरू आहे.

गावाकडे स्वतःची जागा असते, तिथे पुरणे सोपे. खड्डा निदान तीन-चार फूट खोल घ्यावा, विहीर, ओढा, बोअर यांपासून लांब. वरून दगड ठेवावेत म्हणजे इतर कुत्री उकरत नाहीत. खाडीत किंवा कचराकुंडीत टाकणे हे आरोग्याच्या दृष्टीने वाईट, आणि मनालाही पुढे टोचत राहते. आजारी कुत्र्याची लघवी पुसताना हातमोजे घालावेत, कारण लेप्टो त्यातून पसरतो. पायाला जखम असलेल्याने ते काम करूच नये.

एक इशारा मात्र अवश्य ध्यानात ठेवा. घरातला कुत्रा, मग तो कितीही म्हातारा असो, दोन-तीन दिवसांत एकाएकी बदलला, जबडा लोंबू लागला, लाळ गळू लागली, गिळता येईना, विनाकारण चावू लागला, तर ते म्हातारपण समजू नका. लस चुकलेली असेल तर पिसाळण्याची शंका घ्या, उघड्या हातांनी त्याच्या तोंडात पाणी घालू नका. कोणाच्या जखमेला लाळ लागली असेल तर साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात लस सुरू करा. तो कुत्रा गेला तर त्याला घरच्यांनी उचलू नये, पशुवैद्यांना कळवावे.

मागे राहिलेले

मोती गेल्यावर काकांच्या सहा वर्षांच्या नातवाने जेवताना विचारले, "आजोबा म्हातारे झाले की त्यांनाही इंजेक्शन देणार का?" घरात शांतता पसरली. सुनेने मला फोन केला. मुलाला "झोपला", "गावाला गेला", "देवाने नेला" असे सांगू नये. झोपला म्हटले की मूल झोपायला घाबरते, गावाला गेला म्हटले की दाराकडे डोळे लावून बसते. मोती मेला, त्याची लघवी तयार करणारी यंत्रे बिघडली होती, ती दुरुस्त होत नव्हती, आणि माणसांना असे इंजेक्शन देत नाहीत, माणसांसाठी डॉक्टर दुसरे उपाय करतात, असे सरळ सांगावे. त्याने पुन्हा पुन्हा विचारले तर पुन्हा पुन्हा तेच सांगावे. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला मरण कायमचे असते हे उमगतच नाही, त्याच्यावर रागावून उपयोग नसतो.

घरात दुसरा कुत्रा असेल तर त्याच्याकडेही पाहावे लागते. मुंबई पोलिसांच्या श्वानपथकातले मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर हे चौघे २००८ च्या दहशतवादी हल्ल्याच्या वेळी कामावर होते. निवृत्तीनंतर ते विरारच्या एका शेतघरात एकत्र राहत. २०१६ या एका वर्षात चौघेही गेले. साथीदार गेल्यावर सीझर उदास झाला, खाईनासा झाला, अशी बातमी तेव्हा वृत्तपत्रांत आली होती. ऑक्टोबरात तोही गेला. मागे राहिलेल्या कुत्र्याला गेलेल्याचे शरीर हुंगू द्यावे असे अनेक पशुवैद्य सांगतात. त्याच्या खाण्याच्या, फिरण्याच्या वेळा मोडू नयेत.

आता माणसांकडे येतो. अमेरिकन अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ साली अशा दुःखांवर पुस्तक काढले, ज्यांना समाज दुःख म्हणून मानतच नाही. या दुःखाला रजा मिळत नाही, कोणी भेटायला येत नाही, सुतक नसते. जिन्यात भेटणारे म्हणतात, "कुत्राच तर होता, दुसरा आणा." माणूस मग गप्प बसतो, आणि ते गप्प बसणे शरीरावर निघते. हे मी अलंकारिक अर्थाने म्हणत नाही. जपानी डॉक्टरांनी १९९० साली हृदयाच्या एका विकाराचे वर्णन केले. मोठ्या धक्क्यानंतर हृदयाचा डावा कप्पा फुग्यासारखा फुगतो, आणि त्याचा आकार तिकडच्या ऑक्टोपस पकडण्याच्या मडक्यासारखा दिसतो, म्हणून त्याला त्या मडक्याचे नाव दिले, ताकोत्सुबो. लक्षणे सगळी हृदयविकाराच्या झटक्याची, पण रक्तवाहिन्या मोकळ्या. २०१७ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या प्रसिद्ध नियतकालिकात टेक्सासमधल्या साठी ओलांडलेल्या एका बाईंची हकीकत आली. त्यांच्या छातीत दुखू लागले होते ते त्यांचा लाडका कुत्रा गेल्यानंतर. त्या औषधांनी बऱ्या झाल्या. तेव्हा अशा दिवसांत छातीत दुखले तर "मनाला लावून घेतलं असेल" म्हणून घरी बसू नये. कार्डिओग्राम काढावा, नंतर बोलावे.

काकांचे झाले ते इतके नाट्यमय नव्हते, आणि म्हणूनच ते जास्त घरांत होत असावे. पहाटे साडेपाचला जाग येई, पण उठून जायचे कोणासाठी? ते पलंगावर बसून राहत. जिना उतरणे बंद झाले. रात्रीची गोळी ते मोतीला औषध देताना घेत, ती आठवणच गेली. मेच्या तपासणीत त्यांची तीन महिन्यांची सरासरी साखर, जी वर्षानुवर्षे सातच्या आसपास असे, ती पावणेनऊ निघाली. नवीन गोळी वाढवणे मला सोपे होते. त्याऐवजी मी काकूंना पहाटे त्यांच्याबरोबर खाली उतरायला सांगितले, पहिले पंधरा दिवस फक्त फाटकापर्यंत, आणि मोतीच्याच रस्त्याने नको. रात्रीची गोळी जेवणाच्या ताटाशी ठेवायला सांगितली. मोतीबद्दल बोलायचे असेल तर दवाखान्याच्या शेवटच्या नंबराला या, असेही सांगितले. ते चार-पाच वेळा आले. पहिल्यांदा नुसते बसून गेले.

कुत्रा गेल्यावर घरातल्या म्हाताऱ्या माणसाचे वेळापत्रक आठ दिवस नीट पाहावे, एवढे मी आता प्रत्येक कुटुंबाला सांगतो. चालणे, जेवण, गोळ्या, झोप. दोन-तीन आठवडे रडू येणे, भास होणे, दारात नखांचा आवाज ऐकू येणे, यात वेडेपण नाही. दोन महिने उलटूनही जेवण जात नसेल, कोणाशी बोलणे नको असेल, जगण्यात अर्थ नाही असे बोलणे तोंडी येत असेल, तर मानसोपचार तज्ज्ञांना दाखवावे. औषधाची लाज वाटून घेऊ नये.

दुसरा कुत्रा कधी आणावा, हे मला नेहमी विचारतात. घाई करू नये असे माझे मत आहे, आणि जो गेला त्याचेच नाव नव्याला देऊ नये. सत्तरीच्या जवळ असलेल्यांनी पिलू आणण्यापूर्वी त्याची पुढची बारा वर्षे कोण पाहील याचा विचार करावा. प्राणी सांभाळणाऱ्या संस्थांकडे सात-आठ वर्षांची शांत कुत्री असतात, त्यांना सहसा कोणी नेत नाही. काकांनी यातले काहीच केले नाही. सोसायटीच्या आवारातल्या चार कुत्र्यांना वर्षाची पिसाळण्याची लस टोचून घेण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले आहे. पहाटे साडेपाचला ते खाली असतात. चौघांच्या लसीच्या तारखा कालनिर्णयवर लिहिलेल्या आहेत. परवाच्या तपासणीत साखर सात-दोन होती.

जाता जाता, मोतीच्या उरलेल्या औषधांचे काय करायचे, असे सुनेने विचारले होते. न उघडलेली सलाइनची बाटली आणि औषधे पशुवैद्यांना परत द्यावीत, दुसऱ्या कोणाच्या कुत्र्याला उपयोगी पडतात. वापरलेल्या सुया जाड प्लॅस्टिकच्या बरणीत घालून दवाखान्यात द्याव्यात, कचऱ्यात टाकू नयेत. त्याची चादर गरम पाण्यात धुऊन, कडक उन्हात वाळवून घ्यावी.